वासाचा रकाना

ब्रशाला टोक काढायचं तर तो ओठांत धरून हलकेच ओढायचा, ही सवय मला कोणी शिकवली नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं रंगवणाऱ्यांना ती आपोआप लागते, आणि विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, छे, मी नाही बाई तसलं काही करत. त्या दुपारी मी डबीतल्या तपकिरी रंगात ब्रश बुडवला, एका छत्रीवाल्याचा कोट रंगवला, आणि टोक फुलारलं म्हणून ब्रश ओठांत धरला.

महिनाभर तुंबलेल्या मोरीची जाळी उचलावी, तिच्याखाली कोणी तरी अंडं फोडून ठेवलेलं असावं, आणि ते सगळं उठून आपल्या जिभेवर येऊन बसावं, तसं झालं. मी बेसिनपर्यंत पोचले एवढंच माझं कर्तृत्व.

"काय गं?" ताईंनी टेबलावर वाकवलेली मान वर न करता विचारलं.

"रंग नासलाय. शी, घाण आहे नुसती."

त्यांनी डबी ओढली, झाकण उलटं करून नाकाखाली धरलं, एकदा, मग पुन्हा एकदा. "काही नासलेला नाही. पित्त झालंय तुला. सकाळपासून उपाशी बसतेस त्या बाहुल्यांपुढे."

ताईंनी असं म्हटलं की विषय संपतो. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. सव्वीस वर्षं त्या दूध डेअरीच्या धक्क्यावर आहेत, जिथे सकाळी कॅन उतरतात. प्रत्येक कॅनचं झाकण उचलायचं, उलटं करायचं, हुंगायचं आणि सांगायचं, पास, नाही तर परत. मशीनची पाळी त्यानंतर. गाईने आदल्या दिवशी काय खाल्लं आणि कॅन कुठल्या फडक्याने पुसला, हे त्या झाकणावरून सांगतात. डेअरीत त्यांना नाकबाई म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. लग्नाची तीन स्थळं आली, तिन्ही त्यांनी नाकारली. नाकारणं हा शब्द ताईंच्याच घरून निघाला असावा, असं आमचे हे म्हणतात. एकाच्या मोज्यांना वास होता, दुसऱ्याच्या घराला. तिसरा माणूस बरा होता म्हणे, पण त्याला काही तरी दडवल्याचा वास येत होता.

अशा बाईने झाकण पास केल्यावर माझ्या नाकाला कोण विचारतो? मीही नाही विचारलं. या वयात बाईला कधी काय सहन होईनासं होईल याचा नेम नसतो, अशी स्वतःचीच समजूत घातली आणि तीनदा चूळ भरली.

महिन्यापूर्वी ताईंना जबर ताप आला, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. ताप गेला, अशक्तपणा उरला, आणि रिकाम्या बसल्या की त्या माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागल्या. आठ दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी त्यांना या कामात ओढलं. मी ज्याच्याकडून बाहुल्या घेते त्या दुकानदाराला गिऱ्हाइकांना वाटायला एक पत्रक हवं होतं: तीन कंपन्यांचे रंग, कोणता बरा. त्याने तिन्ही दिले, आणि साच्यात बिघडलेले बारा छत्रीवाले दिले, एकसारखे, सगळ्यांच्या छत्र्या डावीकडे वाकलेल्या. मी चार-चारांच्या तीन रांगा केल्या, कागदावर रकाने आखले: झाकतो किती, वाळतो कधी, गुठळ्या होतात का. शेवटचा रकाना मी ताईंच्या मानाखातर घातला. वास.

तो पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं, हे मला आता आठवतं. "रंगाला कशाला गं वास?" म्हणाल्या. मग पेन घेतलं आणि तिन्ही ओळींत लिहून टाकलं, नाही, नाही, नाही.

कंपन्यांची नावं पत्रकात आहेत, इथे नळीच्या टोपीवरून आणि डबीवरूनच ओळखू. लाल टोपीवाला म्हणजे रंगवलेलं पाणी. पहिला हात दिला की कोटाच्या घड्यांत जाऊन साचतो आणि खांदे उघडे पडतात. तीन हात द्यावे तेव्हा कुठे माणूस कपडे घातल्यासारखा दिसतो. काळ्या टोपीवाला उलट. नळीतून येतच नाही, येतच नाही, आणि मग एकदम शेंबडासारखा लोळ येतो. एका हातात झाकतो खरा, पण बटणं, डोळे, मिशी, सगळं बुजवून टाकतो. त्या रांगेतला तिसरा छत्रीवाला उकडून सोललेला दिसत होता. आणि डबीवाला, काय सांगू, साय होती नुसती. एकच हात, सपाट, मऊ, कोटाला बोट लावावंसं वाटेल असा. दिसायला राजबिंडा आणि तोंडाला गटार.

कारण वास येतच होता. वाळलेल्या चार छत्रीवाल्यांनाही येत होता. माझ्या बोटांना येत होता, साबणाने धुतल्यावर साबणाला येऊ लागला.

एवढ्यात हे जेवायला घरी आले. खोलीच्या दारातच थांबले. "काय मेलंय इथे?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मघापासून मलाही येतोय," त्या म्हणाल्या. "उंदीर असणार."

उठल्या, खोलीभर हुंगत फिरल्या, खिडकीजवळच्या कपाटाशी थांबल्या, डोळे मिटले. "इथे. दोन दिवसांचा आहे."

यांनी उपाशीपोटी अख्खं कपाट रिकामं केलं. लोकर निघाली, जुन्या पावत्या निघाल्या, मी दोन वर्षं शोधत असलेली कात्री निघाली. उंदीर निघाला नाही. ते कपाट उघड्या खिडकीत होतं, खोलीत वास नसलेली एवढी एकच जागा होती. आणि ती डबी, उघडी, ताई मघाशी बसल्या होत्या तिथे, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

"ताई, तुझं नाक म्हातारं झालं," हे हसत म्हणाले आणि हात धुवायला गेले. ताई नाही हसल्या.

मी त्या डबीकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि झाकण लावलं. जेवण वाढलं. नासका रंग जिभेवर असताना जेवले आणि जेवताना ताईंनाही पाहिलं. महिनाभर पाहतच होते, पण आता दिसलं. त्या घास तोंडात घालत होत्या, चावत होत्या, गिळत होत्या, जसं कोणी ठरलेल्या फेऱ्या मारून घर गाठावं. सोमवारी त्या कामावर रुजू होणार होत्या. गणवेश धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावून झाला होता.

हे गेल्यावर आम्ही पुन्हा बसलो. मी ताईंना चहा करून आणला. टेबलावर दोन पांढरे मग, एक चहाचा, एक दांडी तुटलेला, ब्रश धुवायचा. तपकिरी रंगाचे ब्रश दिवसभर त्यात खळबळून पाणी अगदी दुधाच्या चहासारखं झालं होतं, वर एक बारीकशी साय धरलेली. माझं लक्ष एका मिशीत होतं. घोट घेतल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"गार झाला," ताई म्हणाल्या. "आणि साखर विसरलीस."

मी वर पाहिलं. दांडी नसलेला मग त्यांच्या हातात. वरच्या ओठावर तपकिरी रेघ.

मी तो मग हिसकावून घेतला तेव्हा थोडं पाणी कागदावर सांडलं. त्यांनी माझ्या हातातल्या मगाकडे पाहिलं, मग शेजारच्या मगाकडे, ज्याच्यातून अजून वाफ येत होती. मी त्यांना बेसिनवर नेलं, चूळ भरायला लावली, दोन पेले पाणी पाजलं. रंगाच्या डबीवर विषारी नाही असं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. ओकारी मात्र मलाच आली. त्या शांत उभ्या होत्या, पदराने ओठ पुसत, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली. त्या शांतपणाची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. आधी वाटलं सर्दी आहे. डॉक्टर म्हणतात येईल परत. केव्हा, ते सांगत नाहीत."

"आणि सोमवारी?"

"मशीन आहे की तिथे."

"मशीनची पाळी नाकानंतर, हे तुम्हीच सांगता."

"सव्वीस वर्षं झाली, बाई. झाकण उलटं केलं की हाताला कळतं, पास की परत."

"जसा मघाशी उंदीर कळला."

हे मी बोलायला नको होतं, किंवा जेवतानाच बोलायला हवं होतं. ताईंचा चेहरा उतरला. आणि मला माझीही किळस आली, कारण त्या जेवत असताना, मला कळलेलं असताना, मी त्यांच्या पानात वाढत राहिले होते आणि पुरेसं झालं का म्हणून विचारत राहिले होते. सोमवारी त्या असंच एखादं झाकण पास करतील, आणि ते दूध कोणाच्या तरी तान्ह्या पोराच्या बाटलीत जाईल, हे दिसत असून मी मीठ पुढे सरकवत होते.

ताई टेबलाशी येऊन बसल्या. ओला कागद त्यांनी फडक्याने टिपला, माझ्यापेक्षा नीट. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "यावर कोणी तरी रंग विकत घेईल."

त्यांनी पेन उचललं आणि तिन्ही 'नाही' एकेका रेघेने खोडले, डेअरीच्या वहीत खोडतात तसे, खालचं वाचता यावं असे. आणि शेजारी लिहिलं, तपासणाऱ्यास वास येत नाही. खाली सही केली. पत्रकाला सही कोण करतं?

"सोमवारी मीच सांगेन साहेबांना," त्या म्हणाल्या. "कोणी मागून सांगण्यापेक्षा. कॅन मोजायला वजनाच्या काट्यावर बसवतील. बसवू देत." मग डबी माझ्यापुढे सरकवली. "आता तू घे."

"मी?"

"रकाना रिकामा कसा ठेवायचा? झाकण उलटं कर. एकदम ओढू नकोस, थोडं थोडं. सांग."

मी झाकण उलटं केलं, हुंगलं. दुपारचं सगळं जेवण घशाशी आलं. "घाण," म्हटलं.

"घाण हा काही वास नाही. आंबट की कुजका?"

"कुजका."

"अंड्याचा की ओल्या फडक्याचा?"

"आधी अंड्याचा. मागून फडक्याचा."

"फडकं साधं की दुधाचं?"

मला खरंच कळेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, अर्धं त्या वासानेच. ताई पुढे झुकल्या होत्या, पेन कागदावर टेकवून, डोळे मिटून, माझ्या तोंडातून तरी तो वास पोचेल म्हणून वाट पाहत असल्यासारख्या.

"दुधाचं असावं," मी म्हटलं.

"असावं म्हणजे काय? पुन्हा घे," त्या म्हणाल्या. "घाईघाईत पास करायचं नसतं."

मी पुन्हा झाकण नाकाशी नेलं.