आजानचं तेल

लामदुआनच्या नवऱ्याच्या हातातून चमचा खणकन थाळीत पडला. थोंगबायनं चमचा पुन्हा उचलला. त्याचा डावा हात फडक्यात बांधलेला होता, दोन बोटं मोडलेली. आज पाळी उजव्याची होती.

पाच वर्षांची फाय बापाच्या मांडीला चिकटून भात चिवडत होती.

"ए थोंगबाय! बाहेर ये, नाहीतर दार मोडून आत येतो!" बाहेरून प्लेककाका ओरडला. गेल्या आठवड्यात यानंच फायला केळ्यांचा घड आणून दिला होता.

स्वतःला आजान, म्हणजे गुरू, म्हणवणाऱ्या खेमनं नोंगखे गावात मांडव टाकल्यापासून गावाला खूळच लागलं होतं. प्रत्येक गाडीत मे यानांग देवी राहते, ती चालवणाऱ्याला सांभाळते, हे तर गाव आजापणज्यांपासून मानतं. लामदुआनही गाडी चालू करण्याआधी हात जोडते. पण आजानच्या मांडवात बॉनेटवर पांढऱ्या मातीची भुकटी टाकायची, सगळ्यांनी ती तळव्यांनी गोल गोल घासायची आणि त्यात लॉटरीचे आकडे हुडकायचे. भुकटी झटकली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे रिंगण धरून चमकायचे.

"ही यानांग आईची नखं!" आजान गरजायचा. "सरका डावीकडं! बघा, रिंगणही सरकलं की नाही? पापी कुठंही लपू दे, आई त्याच्या मागं फिरते!"

मग तो मंतरलेलं तेल चोळायचा आणि ओरखडे गायब! माणसं धुळीत आडवी पडायची. मात्र तीच गाडी थोंगबायच्या धुलाई केंद्रात दोनदा धुतली, की ओरखडे परत हजर. आजानकडं त्यालाही उत्तर होतं. "धुणाऱ्याचे हात बाटलेत. ते मोडल्याशिवाय आई शांत व्हायची नाही."

काल प्लेकनं थोंगबायचा हात बॉनेटवर दाबून धरला आणि चाकाचा पाना हाणला होता. लामदुआनला तोंड उघडायलाही सवड मिळाली नव्हती.

आज दार खरंच मोडलं. थोंगबायला त्यांनी केसांना धरून फरफटत मांडवात नेलं. मध्ये पडलेल्या लामदुआनच्या तोंडावर कुणाचं तरी कोपर बसलं; ओठ फाटला. शेजारच्या बाईनं फायला मागं ओढलं. प्लेकच्या काळ्या पिकअपवर नुकतंच तेल फिरलं होतं. बॉनेट आरशासारखं लखलखत होतं. त्याच बॉनेटवर थोंगबायचा उजवा हात दाबला गेला.

"हाण प्लेक!" कुणीतरी किंचाळलं.

"थांब!" लामदुआन रक्त थुंकली. येताना धुलाई केंद्रातून उचललेली साबणाची बादली तिनं दाणकन खाली ठेवली. "आजान, हात बाटलेला म्हणून ओरखडे येतात ना?"

"आईची वाणी आहे ती, पोरी."

"तुमचे हात तर पवित्र. मग आज गाडी तुम्हीच धुवा."

आजान हसला. "मी काय गाड्या धुणारा आहे?"

"आईची सेवा करायला लाज वाटते होय?" मागून एक म्हातारी खेकसली.

गर्दीत हशा पिकला. प्लेकचा पाना हवेतच थबकला. "धुवा की आजान. दोन मिनिटांचं तर काम."

आजाननं कपाळावरचा घाम पुसला. "आज तिथी बरी नाही..."

"हात मोडायला बरी आहे, आणि धुवायला नाही?" प्लेक गुरकावला.

आजाननं मऊ स्पंज हातात घेतला. भांड्यांच्या साबणाचा फेस वर आला, पाणी ओतलं, बॉनेट उन्हात वाळलं. सगळे ओरखडे जागच्या जागी होते, अगदी आजानच्या पवित्र हातांखाली.

मग पहिली लाथ आजानच्या पोटात बसली. कुणी त्याचा हात धरून त्याच बॉनेटवर आपटला, आणि प्लेकनं पाना उचलला.

लामदुआननं स्वतःचा हात त्या हातावर ठेवला.

"आधी माझा मोड. त्याची बोटं मोडून माझ्या नवऱ्याची जुळणार आहेत का?"

पाना हळूहळू खाली आला. आजानला चौकीवर न्यायला चौघं निघाले. लामदुआननं खिशातून गाडीच्या पॉलिशची डबी काढली आणि बॉनेटचा टीचभर तुकडा चोळायला घेतला. हात दुखेपर्यंत ती चोळत राहिली.

"भुकटीत वाळूचे कण असतात. आकडे हुडकताना तुम्हीच घासलेत हे. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे तेवढेच चमकतात. म्हणून रिंगण दिसतं, आणि तुम्ही सरकलात की तेही सरकतं. तेल चरांत भरलं की ते दिसेनासे होतात, साबणानं तेल निघालं की परत दिसतात. पॉलिशनं वरचा पातळ थर झिजतो, तेव्हाच ते जातात. आता धुवा हवं तेवढं."

प्लेकनं तीनदा धुतलं. टीचभर तुकडा स्वच्छच राहिला.

"हात जोडा, मीही जोडते," ती म्हणाली. "पण कुणी सांगितलं की अमक्याचा हात मोडा, तर आधी एक बादली पाणी आणा. पडताळून बघा. आणि मगच हात उचला."

माणसं माना खाली घालून पांगली. फाय धावत आली आणि बापाच्या फडक्यातल्या बोटांना न दुखवता बिलगली. ओरखड्यांचं सगळं तिनं नीट ऐकलं होतं.

"आई, खोटं तर आजान बोलला," ती म्हणाली. "मग बाबांना प्लेककाकानं का मारलं?"