मोजून खाल्लेला मार

शाळेत मुलांना मारायचं की नाही, एवढाच प्रश्न होता; पण पालक सभेला असे तावातावाने आले होते, जणू कुणी त्यांच्या घराची चावीच मागितली होती. सरकारने निर्णय ज्या त्या शाळेवर ढकलून हात झटकले होते. बहुमत झालं तर छडी बंद. त्यानंतर शाळेत जो कुणाला मारेल, त्याचं नाव नोंदवहीत आणि तो त्याच दिवशी कायमचा घरी.

ठराव पाचवीच्या बाईंचा होता. त्यांचे वडील याच शाळेत तीस वर्षं मास्तर होते. मास्तरांची रीत अशी, की मार खाणाऱ्याने फटके स्वतःच मोठ्याने मोजायचे. आकडा चुकला की परत एकपासून. बाईंनी ते घरीही मोजले होते. म्हणून सोळा वर्षांत त्यांनी एकाही मुलाला बोट लावलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचा त्यांना तोराही होता.

पुरावा म्हणून त्यांनी वडिलांची छडी टेबलावर ठेवली आणि शेजारी सुताराच्या मुलीला उभं केलं. गणिताच्या सरांनी तिची दोन बोटं मोडली होती.

"हे प्लास्टर बघा आणि मग मत द्या," बाई म्हणाल्या. पहिल्या रांगेतले गणिताचे सर खिडकीबाहेर बघू लागले.

मागून सुतार उठला. "बाई, माझ्या पोरीचं प्रदर्शन मांडलंत. मला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. चूक तीच होती, पण बाईंना ती तेव्हा दिसली नाही. "तुमच्याच मुलीची बोटं मोडलीत हो!"

"हाड जुळतं. वळण लागायचं राहिलं की राहिलं. तुमच्या वडलांनी मला फोडून काढलं, म्हणून आज चार लोक मला विचारतात."

टाळ्या पडल्या, मग शिव्या. कुणीतरी कुणाची कॉलर धरली, खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं. अध्यक्ष "शांतता, शांतता" म्हणत टेबलाखाली शिरले. त्या हाणामारीतून वाट काढत सुतार पुढे आला.

"चल घरी."

"बाईंना विचारते," मुलगी म्हणाली.

त्याने खाडकन तिच्या कानाखाली वाजवली. प्लास्टरचा हात टेबलाच्या कडेवर आपटला आणि ती किंचाळली.

बाईंचं डोकं फिरलं. छडी हातात कधी आली, त्यांना कळलं नाही. पहिला फटका सुताराच्या मानेवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. तो गुडघ्यांवर कोसळला तरी त्यांचा हात थांबेना, तिसरा पाठीवर. आणि त्यांना बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

सुताराने उजवा तळवा पुढे केला. फटका बसला.

"एक," तो म्हणाला.

मारामारी करणारे जागच्या जागी थबकले.

"दोन."

हनुवटीवरून रक्त शर्टावर ठिबकत होतं.

"तीन."

पुढच्या फटक्याला तो अडखळला. एवढा बाप्या माणूस, पण वर बघत पाचवीतल्या पोरासारखा म्हणाला, "चुकलो, मास्तर. परत एकपासून?"

बाईंच्या हातातून छडी गळून पडली.

अध्यक्ष टेबलाखालून निघाले आणि त्यांनी मतं घेतली. एकूण एक हात वर गेला, सुताराचा सुजलेला तळवासुद्धा. ठराव मंजूर झाला. कोरी नोंदवही बाईंनी स्वतःच पुढे ओढली. मारणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, पुढे लिहिलं : चार फटके.

मुलगी बापाच्या पाठीआड उभी होती. प्लास्टरचा हात तिने बाईंपासून लपवला होता.

"चार नाही, बाई. सात," ती म्हणाली. "पहिले तीन बाबांनी मोजले नाहीत. मी मोजले."

बाईंनी चार खोडलं आणि सात लिहिलं.