‘पांझरा’ची दुसरी बाजू

यादव चौधरीच्या कॅसेटच्या दुकानामागे एक खोली होती आणि जळगावात हेवी मेटल संगीत ऐकणाऱ्यांचं सगळं राज्य त्या खोलीत मावत होतं. रविवारी दुपारी चार टाळकी तिथे जमायची. कुणाच्या मामाने मुंबईहून पाठवलेली कॅसेट लावायची, डोळे मिटून माना हलवायच्या आणि मग मतं द्यायची. मतं देण्यात ही मंडळी भारी हुशार. स्वतःला एक तार छेडता येत नसली तरी परदेशातल्या कुठल्या ड्रमरचा डावा पाय कच्चा आहे, हे ती छातीठोकपणे सांगत.

त्या रविवारी त्यांच्यापुढे गुलाब सपकाळे आणि रुपचंद बसले होते. दोघे धुळ्याचे, देवपुरातले. गुलाब गिटार वाजवायचा आणि गायचा, रुपचंद ड्रम वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर फिरायचं आणि उरलेलं वर्ष हे लांबलचक, सात मात्रांचं, कुणीही न मागितलेलं संगीत करायचं, असा त्यांचा उद्योग. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नशिराबादला रुपचंदच्या मामाच्या रिकाम्या गोडाउनात त्यांनी अख्खा अल्बम टेप केला होता. नाव ठेवलं ‘पांझरा’, धुळ्याच्या नदीचं. यादवला पटला तर तो त्याच्या कॅसेटी काढून विकणार होता. नाही पटला तर रुपचंद ड्रम विकून सुरतेला मेव्हण्याकडे कामाला जाणार होता, आणि हे त्याने गुलाबला बसमध्येच बजावलं होतं.

पहिली बाजू संपली आणि मतांना तोंड फुटलं. इंजिनिअरिंगला असलेला एकजण म्हणाला की मराठी शब्द मेटलमध्ये बसतच नाहीत, भाजीवाला ओरडतोय असं वाटतं. डॉक्टरांच्या मुलाला गाणी फार लांब वाटली. तिसऱ्याने तर सात मात्रांवर वरातीत नाचता येणार नाही, असा आक्षेप घेतला. गुलाबने दात आवळून धरले. अरे शहाण्या, तुझ्या वरातीसाठी वर्षभर बोटं सोलून घेतली का आम्ही? पण रुपचंदने त्याच्या मांडीवर हात ठेवला होता, म्हणून तो गप्प राहिला.

मग यादवने दुसरी बाजू लावली. या बाजूला एकच गाणं होतं, वीसेक मिनिटांचं. सुरू झालं तेव्हा ठीक होतं. हळूहळू गुलाबच्या कपाळावर आठी पडली. गाणं पळायला लागलं होतं. ताल तर पळत होताच, पण सूरही वर सरकत होता. शेवटाकडे त्याचा स्वतःचा घोगरा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. आणि सगळं थांबल्यावर, एकट्या बाईच्या आवाजातल्या चार ओळी आल्या त्या इतक्या चिरक्या, इतक्या भरभर, की डॉक्टरांच्या मुलाला हसू फुटलं.

काय झालं ते गुलाबला तिथेच कळलं. गोडाउनातल्या लाइटवर टेपरेकॉर्डर लावला की घुं घुं आवाज यायचा, म्हणून त्यांनी तो सेलवर चालवला होता. सेल उतरले तेव्हा सगळा खानदेश करतो तेच त्यांनी केलं. सेल काढून पत्र्यावर उन्हात तापत ठेवले आणि पुन्हा घातले. तापवलेले सेल थोडा वेळ धावतात आणि मग मान टाकतात. टेप हळूहळू मंद फिरत गेली होती आणि आता यादवच्या चांगल्या मशीनवर तेच सगळं पळत सुटलं होतं. मेलेल्या सेलवरच परत ऐकल्यामुळे दोघांना तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

आता हे तोंड लपवून ऐकावं लागणार, असं गुलाबला वाटलं. पण यादव उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा उजळला होता. पहिली बाजू साधारण आहे, तो म्हणाला, पण हे जे हळूहळू वेग आणि सूर दोन्ही चढवत नेलंय, हे अजून कुणी केलेलं नाही. इंजिनिअरने लगेच मान डोलावली, त्यालाही ते आधीपासूनच जाणवलं होतं म्हणे. आणि शेवटी ती बाहुलीसारखी बाई, यादव म्हणाला, ती तर कमाल. हसणाऱ्या डॉक्टरपुत्रालाही आता त्यात खोल अर्थ दिसू लागला.

“मुद्दामच केलं ते,” रुपचंद म्हणाला. “खूप विचार करून.”

गुलाबचं डोकं सणकलं. त्याने रुपचंदचा हात मांडीवरून झटकला. विचारबिचार काही नाही, सेल उतरले होते, असं त्याने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. इंजिनिअरने ताबडतोब मत फिरवलं, मग ही तर चूक आहे, चुकीला काय किंमत. यादव मात्र समजूत घातल्यासारखा हसला. चूक तर चूक, कुणाला सांगू नका, ती बाई तेवढी तशीच राहू द्या, लोकांना तीच आवडेल.

“ती बाई माझी आई आहे,” गुलाब म्हणाला आणि मशीनमधून कॅसेट ओढून काढली.

रुपचंद बसस्टँडपर्यंत मागे धावत आला. त्याचंही खरं होतं, वर्ष त्याचंही गेलं होतं. पण गुलाबला त्या घडीला कुणाचंच खरं ऐकायचं नव्हतं. धुळ्यापर्यंत बसमध्ये तो एकटाच मनातल्या मनात त्या चौघांना शिव्या घालत होता. बाहुली म्हणतात. माझ्या आईला बाहुली म्हणतात.

घरी लिलाबाई तांदूळ निवडत होत्या. गुलाबने चपलाही न काढता टेपरेकॉर्डर लाइटवर लावला, पट्टी शेवटाकडे पळवली आणि बटण दाबलं. जळगावच्या दीडशहाण्यांना काय आवडलं ते ऐक, म्हणाला. त्याला वाटलं होतं, आईही त्याच्यासारखीच भडकेल आणि मग दोघं मिळून त्यांचा उद्धार करतील.

तो चिरका आवाज खोलीत फिरला. आधी लिलाबाईंना काही उमगलं नाही. मग शब्द ओळखीचे लागले आणि त्यांचा हात तांदळात तसाच थांबला. ती अंगाई होती. गुलाबच्या पाठच्या भावाला, पुनाला, त्या ती म्हणायच्या. पुना दोन वर्षांचा असताना तापाने गेला आणि त्यानंतर घरात ती अंगाई कुणी ऐकली नव्हती. सेल चालतात का बघतो, काहीतरी म्हण, असं गुलाब नशिराबादहून टेप घेऊन घरी आला त्या दिवशी म्हणाला आणि त्यांच्या तोंडून तीच आली. ती तशी आली म्हणूनच त्याने ती पुसली नाही. ठेवल्याचं आईला सांगितलंही नाही.

“कितला जनस्नी आयकं?” लिलाबाईंनी विचारलं.

आम्ही दोघं आणि ते चौघं, तो म्हणाला.

“त्यासले आवडनं?”

“हो.” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“सेल तपासानं सांगीसन,” त्या म्हणाल्या, “तू मना पुनाले बजारमा लई गया.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गुलाबने कॅसेट बाहेर काढली आणि पट्टीत बोट घातलं, ओढून तिचा चोथाच करायचा होता त्याला. लिलाबाईंनी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. मोठा झाल्यापासून त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. कॅसेट त्यांनी काढून घेतली, सुटलेली पट्टी करंगळीने गुंडाळली आणि पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. रात्री त्यांनी त्याला जेवायला वाढलं आणि ताट पुढे सरकवून आत गेल्या.

दोन दिवसांनी रुपचंद आला. यादव अजून तयार आहे, म्हणाला, अल्बम काय तुझ्या एकट्याचा आहे का? नव्हताच. गुलाब त्याच्यावर इतका ओरडला की शेजारपाजार ओट्यावर आला. विकाऊ म्हणाला, बेइमान म्हणाला, आईच्या आवाजावर धंदा करणारा म्हणाला. लिलाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. रुपचंद मान खाली घालून निघून गेल्यावर त्यांनी गुलाबकडे पाहिलं.

“त्याले काबर बोलस?” त्या म्हणाल्या. “त्याले कोठे माहीत व्हतं, ते मना पुनानं गानं शे? तुले व्हतं.”