धवलारीन पायजे

रंजिता साताऱ्याकडची. लग्न होऊन घणसोली गावात आली तेव्हा सासू करते त्या कामाचं नावसुद्धा तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. कमळीबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते धवले गात जी लग्न लावते, ती धवलारीण. कमळीबाईंच्या जोडीला आणखी तिघी होत्या. एके काळी चौघींना मोसमात घरी जेवायलाही सवड नसे. पुढे मांडव जाऊन हॉल आले, हळदीला डीजे वाजू लागला, आणि आता बोलावणं आलंच तर एखाद्या जुन्या नात्यातलं.

रंजिता महापेला एका कंपनीत गूगलवरच्या जाहिरातींचं काम करायची. गिऱ्हाईक कोणते शब्द टाकून शोधेल ते ओळखायचं, त्या शब्दांवर जाहिरात लावायची. कुणी जाहिरात उघडली की तेवढ्या क्लिकचे पैसे कापले जातात, म्हणून आधी बजेट बांधून घ्यायचं. दिवसभर ती हे मार्बलवाल्यांसाठी नि केस उगवून देणाऱ्या दवाखान्यांसाठी करायची. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, आईंची जाहिरात आपण का नाही लावत? तळोज्याला कारखान्यात असलेला तिचा नवरा मितेश हसला. कमळीबाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि शेवटच्या लग्नात मानानं मिळालेलं पाकीट त्यांनी न उघडता सुनेच्या हातात ठेवलं.

त्या पाकिटानं रंजिताचा उत्साह दुणावला आणि तिथंच तिची चूक झाली. ऑफिसात मोठ्या बजेटवर चालणारे मोठमोठे शब्द तिनं इथंही लावले. 'लग्नाची गाणी', 'आगरी गाणी', 'हळदीची गाणी'. सोबत 'धवलारीण' हा शब्दही टाकला. जाहिरात सुरू झाली तसा क्लिकचा नुसता पाऊस पडला. जाहिरातीत नंबर दिलेला कमळीबाईंचा फोनही वाजू लागला. एकाला गाणं डाउनलोड करायचं होतं. दुसऱ्यानं स्पीकर किती मोठे आहेत ते विचारलं. नाशिकहून कुणीतरी रिंगटोन मागितली.

"गो रंजिता," कमळीबाई म्हणाल्या, "कोन फोन करतान हे? मना डीजे घेऊन या सांगतान."

पाकिटातल्या पैशांचं महिनाभर पुरवायचं बजेट आठवडाही टिकलं नाही. मितेश म्हणाला, आता बंद कर, आईला उगाच आशा लावू नको. कमळीबाईंनी वाजणारा फोन तसाच वाजू दिला, हेच रंजिताला जास्त लागलं. परक्यांचे पैसे आपण इतके जपतो आणि घरचे असे उधळले, या विचारानं तिला जेवण जाईना.

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन ती ओटीवर बसली. लोकांनी नेमकं काय टाइप करून जाहिरात उघडली, ते सगळं तिनं वाचायला घेतलं. गाणी फुकट हवी असलेल्यांचीच गर्दी होती. पण खाली खाली जाताना त्या गर्दीत चारदोन वेगळे शोध दिसले. 'लगीन लावनारी बाय घनसोली'. 'हलदीला धवले बोलनारी'. आणि एक, अगदी साधा, 'धवलारीन पायजे'.

रंजिता त्या 'न'कडे बघतच राहिली. तिनं शाळेत घोटवून घेतलेला बाणातला ण लावला होता, आणि त्या शब्दावर एकही क्लिक नव्हता; हे चारदोन शोध मोठ्या शब्दांच्या ओघात आले होते. ज्यांना कमळीबाई हव्या होत्या ते लोक तर घरात बोलतात तसंच लिहीत होते. तीन वर्षं ती हीच बोली रोज ऐकत होती.

मग तिनं सगळं पुसून नव्यानं मांडलं. मोठे शब्द काढून टाकले. 'धवलारीन', 'ढवलारीन', 'लगीन लावनारी बाय' आणि हेच सगळं इंग्रजी अक्षरांत जसं जमेल तसं लिहिणाऱ्यांसाठीही घातलं. 'डाउनलोड', 'रिंगटोन', 'डीजे' हे शब्द असतील तिथं जाहिरात दिसूच नये अशी सोय केली. नवी मुंबई, पनवेल, उरण एवढाच टापू ठेवला. बजेट बांधलं ते मात्र स्वतःच्या पगारातून, आणि रोजचं इतकं थोडं की मितेशनं विचारलं, "एवढ्यात होईल काय?"

"चुकीच्या माणसानं उघडलीच नाही तर पुरेल," ती म्हणाली.

पहिले काही दिवस फोन गप्प होता. रंजिता ऑफिसातून पुन्हा पुन्हा आकडे बघायची. मग एका संध्याकाळी खारघरहून राजेश्वरी नावाच्या मुलीचा फोन आला. तिचं गाव उरणकडचं, लग्न पनवेलच्या हॉलमध्ये. आजीनं हट्ट धरला होता की धवले झाल्याशिवाय नात बोहल्यावर चढायची नाही, आणि घरात कुणालाच धवलारीण कुठं मिळते ते माहीत नव्हतं. कमळीबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. गाव विचारलं, देव विचारला, मग हळदीचा दिवस. ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "चौगी जनी जाऊ. तूपन चल."

हॉल मोठा होता, एसी होता, कोपऱ्यात डीजे वाजत होता. चौघी नऊवारी नेसलेल्या बाया आत शिरल्या तशी पोरांनी मोबाइल वर केले. राजेश्वरीनं स्वतः जाऊन डीजे बंद करायला लावला. कमळीबाईंनी माइक नको म्हटलं. खाली बसल्या, डोळे मिटले आणि पहिला धवला उचलला. बाकीच्या तिघींनी तो झेलला. आवाज छतापर्यंत गेला. दुसऱ्या कडव्याला खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या बाया ओठ हलवू लागल्या, तिसऱ्याला त्या उठून खाली येऊन बसल्या. चाकांच्या खुर्चीवरून आणलेली आजी नातीचा हात धरून गात होती. आपल्या सासूला रंजितानं कधी असं पाहिलं नव्हतं. सबंध हॉल त्या एका बाईच्या तालावर चालला होता.

निघताना सहा-सात जणींनी नंबर घेतला. पुढं फोन येत राहिले, काही त्या हॉलमधले, बरेचसे जाहिरातीतून, आणि आता डीजे कुणीच मागत नव्हतं. उलव्याच्या एका इंजिनिअरनं मुहूर्त पुढं ढकलला, पण बाई याच हव्यात म्हणाला. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली आणि एका सकाळी कमळीबाई सुनेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ती जायरात थांबव गो. मे म्हयन्यापर्यंत एक दिस रिकामा नाय."

मितेशनं मान वर केली. रंजितानं तिथल्या तिथं जाहिरात थांबवली. आजवर कित्येक जाहिराती तिनं बंद केल्या होत्या, पण गिऱ्हाईक जास्त झालं म्हणून बंद केलेली ही पहिलीच.

कमळीबाई तरी हलेनात. चौघी आता पुरत नव्हत्या. एकाच मुहूर्तावर तीन तीन घरं मागत होती. "पोरींना शिकवाचा हाय मना," त्या म्हणाल्या. "शिकनाऱ्या पोरी गावतील का तुज्या गूगलवर?"

रंजितानं लॅपटॉप पुढं ओढला आणि सासूला शेजारी बसायला जागा केली. "गावतील," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, आई. शिकायचं असेल तर पोरगी काय लिहील?"