लिटरला एकवीस

"साहेब, आता सांडेल हं," पंपावरची बाई म्हणाली.

"नाही सांडत. अजून थोडं. हळू... हळू... बस!"

टाकीच्या तोंडाशी पेट्रोल येऊन थांबलं. त्यानं एक डोळा मिटून, मान वाकडी करून आत पाहिलं. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून वही काढून आकडा लिहिला, पुसला आणि पुन्हा तोच लिहिला.

"पेट्रोल भरतोयस का औषध मोजतोयस?" शेजारच्या मोटरसायकलवरून ताई ओरडली. "चौतीस वर्षं वॉर्डात सलाइन लावली मी, पण एवढं वाकून कधी बघितलं नाही!"

"ताई, मध्ये बोलू नकोस. हिशेब चुकतो."

"तुझा हिशेब चुकला तर सूर्य मावळायचा राहील बाबा," ती म्हणाली, आणि पंपावरची बाईसुद्धा हसली.

त्याला हसू आलं नाही. लोक त्याला 'ॲव्हरेज' म्हणत. बस डेपोत एकोणतीस वर्षं तो डिझेलचा कारकून होता. कोणत्या बसनं किती डिझेल प्यायलं, ती किती किलोमीटर धावली, लिटरमागे किती पडलं, हे रोज त्याच्या नजरेखालून जायचं. ड्रायव्हरांनी ठेवलेलं नाव हळूहळू मॅनेजरच्या तोंडीही बसलं. घरी बायको चिडली की तीही 'अहो ॲव्हरेज' म्हणायची. बसचं ॲव्हरेज पाहून ड्रायव्हरचं काल घरी भांडण झालंय की नाही ते सांगता येतं, असं तो म्हणे. लोकांना ती गंमत वाटायची. तो मात्र गंभीरपणेच सांगायचा.

आणि आता या माणसाच्या डोक्यात तीन आठवड्यांपासून भुंगा शिरला होता. कारण एकच, ताईची गाडी.

सोळा दिवसांनी दोघं बहीणभाऊ डोंगरात निघणार होते. पठारावरून जाणारा तो खाणीचा जुना रस्ता होता. खाण बंद पडली आणि रस्ता दगडगोट्यांना आंदण मिळाला. अलीकडे एक पंप, पलीकडे एक पंप, आणि मध्ये दोनशे चौसष्ट किलोमीटरमध्ये पेट्रोलचा थेंब नाही. अठ्ठावन्नाव्या किलोमीटरवर रस्तेखात्याची एक चौकी तेवढी होती, त्यापुढे फक्त वारा. ताई ही वाट बावीस वर्षं पुढे ढकलत आली होती. आधी ड्युट्या, मग लेकीचं शिक्षण, मग नवऱ्याचं आजारपण. नवरा गेला, नोकरी संपली, आणि एकसष्टाव्या वर्षी तिनं भावाला फोन केला. "यंदा नाही तर कधीच नाही. तू येतोस, का मी एकटी जाऊ?"

गाडी चालवायला त्याला तिनंच शिकवलं होतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि मागून सीट धरून पळणारी ताई तेवीस वर्षांची. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

दोघांच्या मोटरसायकली एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. उंच, हलक्या, डांबरावर आणि खडकावर सारख्याच चालणाऱ्या. दोन्हींच्या टाक्या अकरा लिटरच्या. म्हणून त्यानं सोपा हिशेब मांडला होता, की जवळच्याच दगडखाणीच्या रस्त्यावर साठ किलोमीटर फिरवायच्या, टाक्या पुन्हा काठोकाठ भरायच्या, आणि किती लागलं ते बघायचं. त्याच्या गाडीला दोन लिटर आणि वर थोडंसं लागलं. लिटरला एकोणतीस. ताईच्या गाडीला जवळजवळ तीन लिटर. लिटरला एकवीस.

एकवीसला गाडी दोनशे एकतीस किलोमीटर जाते. त्यापुढचे तेहेतीस किलोमीटर ताई पठारावरून चालत येणार होती का?

पहिल्या रविवारी त्यानं कार्बोरेटर साफ करून घेतला. दुसऱ्या रविवारी एअर फिल्टर, चेन, टायरची हवा, चाकाला घासणारा ब्रेक, सगळं बघून झालं. एकवीसचे बावीस झाले नाहीत. त्याची झोप उडाली. जेवताना पाय हलायचा, डेपोत टेबलावर बोटं वाजायची. मेकॅनिक त्याला लांबून येताना पाहिलं की पान्हा खाली ठेवायचा.

"साहेब, गाडी ठणठणीत आहे," शेवटी तो हात पुसत म्हणाला. "मी आता काय खोलू? बसणाऱ्याला दाखवा कोणालातरी."

तो थट्टेत बोलला होता. पण ॲव्हरेजला ते थट्टेचं वाटलं नाही. कारण हे वाक्य त्यानं स्वतः एकदा लिहिलं होतं, जरा सरकारी भाषेत.

सहा वर्षांपूर्वी डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरचं, सगळ्यांच्या मामाचं, ॲव्हरेज घसरत चाललं होतं. बस बदलली तरी घसरलेलंच. त्यानं नियमाप्रमाणे नावाखाली लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'दोष वाहनात नाही.' तपासणी झाली. मामांचे गुडघे गेले होते, क्लच दाबताना जीव जायचा, म्हणून गिअर बदलायचं टाळत होते. त्यांना स्टिअरिंगवरून उठवून डेपोच्या फाटकावर बसवलं. तेव्हापासून रोज सकाळी मामा दांडी वर करून म्हणत, "या साहेब." एकदाही वाकडं बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं त्यानं बायकोला कितीदा सांगितलं होतं.

तिसऱ्या रविवारी त्यानं ताईला सांगितलं, "आज गाड्या बदलून बघू. तुझ्या गाडीचा आवाज मला कळत नाहीये."

"बघ बाबा. तुझ्या मनाचं समाधान होऊ दे," ताई म्हणाली आणि त्याच्या गाडीवर बसली.

तो मुद्दाम मागे राहिला. दगडखाणीच्या रस्त्यावर पुढून त्याच्याच गाडीचा आवाज येत होता, चढलेला, कर्कश. दुसरा गिअर. सपाटी आली तरी दुसरा. उतार आला तरी दुसरा. 'टाक की तिसरा,' तो हेल्मेटमध्ये पुटपुटत राहिला. ताईनं वीस किलोमीटर तिसरा टाकला नाही. वळणावर थांबली तेव्हा तिनं डावा हात हँडलवरून काढला, दोनदा झटकला आणि काखेत दाबून धरला.

पंपावर त्यानं टाक्या भरल्या. ताईची गाडी त्याच्या हाताखाली, एकोणतीस. त्याची गाडी ताईच्या हाताखाली, एकवीस. आकडे त्यानं वहीत लिहिले नाहीत. लिहायची गरज नव्हती.

"काय निघालं?" ताईनं विचारलं.

"बघतो घरी जाऊन," तो म्हणाला.

आठवडाभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. बायकोनं तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी भाजी चिरताना म्हणाली, "अहो, एकतर बसा, नाहीतर बाहेर जाऊन फिरा. लादी झिजेल."

त्यानं सगळं सांगितलं. बायकोचा विळीवरचा हात थांबला.

"मग सांगून टाका ना वन्संना. पडल्याबिडल्या म्हणजे?"

"सांगितलं की तिचं जाणं रद्द. भाची दुसऱ्या दिवशी येऊन किल्ली नेईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पेट्रोल संपेल," तो म्हणाला, आणि आपण काय उत्तर दिलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

शनिवारी दुपारी तो ताईच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा नकाशा पसरला होता, कोपऱ्यांवर चार कप ठेवून. त्यानं घडी केलेला कागद तिच्यासमोर सरकवला. पल्ल्याचा सगळा हिशेब त्यावर होता, कुठे थांबायचं, कुठून परत फिरता येतं, कुठून नाही. ताईनं चष्मा लावला.

"हे काय? माझ्यापुढे एकवीसच? गाडी नीट झाली म्हणालास ना?"

"गाडी नीटच आहे."

ताईनं वर पाहिलं नाही. डावा हात तिच्या मांडीवर होता, तो तिनं टेबलाखाली आणखी आत घेतला.

"कधी कळलं तुला?"

"गाड्या बदलल्या तेव्हा. तू दुसऱ्याच्या वर जातच नाहीस."

"क्लच दाबला की इथपासून इथपर्यंत मुंग्या," तिनं कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं. "आणि मग काहीच नाही. हात आहे का नाही तेसुद्धा कळत नाही. म्हणून मी क्लचच दाबत नाही. आहे त्या गिअरमध्ये जायचं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"चौतीस वर्षं त्यांच्यात काढली मी. ते काय म्हणणार ते मला पाठ आहे. मानेतून नस दबलीये. ऑपरेशन करा, सहा महिने पडून राहा, आणि गाडीचं नाव काढू नका."

"मग कर ना ऑपरेशन."

"करणार आहे. आल्यावर." तिनं चष्मा काढला. डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आलेला दिसत होता. "आता काय, माझ्याही नावाखाली लाल रेघ मारणार तू?"

तो उठला. माठाकडे जाऊन पाणी घेतलं, न पिताच ग्लास खाली ठेवला आणि परत येऊन बसला. सात वर्षांनी मोठी ही बाई, हिच्या जिवाची त्याला भीती वाटत होती, आणि तिला फाटकावर बसवायची त्याहून जास्त.

"रेघ नाही मारणार," तो म्हणाला. "दोन-दोन लिटरचे दोन कॅन जास्त घेऊ. माझ्या गाडीवर. एकवीसनंसुद्धा हिशेब बसतो, मी तीनदा करून बघितलाय."

"आणि हाताचं काय?"

"त्याचा हिशेब मला येत नाही ताई. तो तू कर. पण खोटा नको करू."

ताईनं कागदाची घडी करून बाजूला ठेवली. मग नकाशावरचा एक कप उचलून म्हणाली, "चहा टाकते. तू पाय हलवायचा थांबव आधी, टेबल नाचतंय."

ठरल्या दिवशी सकाळी अलीकडच्या पंपावर दोन्ही टाक्या आणि कॅन भरून ते निघाले. सुरुवातीची वाट सोपी होती. ताई पुढे, तो मागे. तिची गाडी दुसऱ्यात रडत होती आणि तो कान देऊन ऐकत होता. एका उतारावर, खाली कोरडी नदी दिसत असताना, ताईला वळणाआधी क्लच दाबायचा होता. बोटं वळलीच नाहीत. गाडी सरळ रस्त्याच्या कडेच्या खडीत गेली. तिनं उजव्या हातापायांनी ब्रेक दाबले, इंजिन आचका देऊन बंद पडलं, आणि पुढचं चाक कडेपासून हातभर अंतरावर थांबलं.

तो धावत गेला. ती पाय टेकून नुसती बसली होती, खालच्या नदीकडे बघत.

"लागलं का?"

"नाही. दोन मिनिटं बोलू नकोस माझ्याशी."

मग तिनं गाडी सुरू केली आणि चौकीपर्यंत एकदाही थांबली नाही.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथल्या रखवालदारानं दोन खुर्च्या बाहेर आणून मांडल्या. माणूस दिसल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ताईनं हेल्मेट काढलं.

"पेट्रोल पुरेल रे तुझं," ती म्हणाली. "हात नाही पुरायचा."

त्यानं आल्या रस्त्याकडे पाहिलं. "परत फिरू. इथून अठ्ठावन्नच आहेत. सावकाश जाऊ."

"परत कशाला? कागद काढ तुझा. दोघांचं वजन धरलं तर तुझी गाडी किती देईल?"

त्याची बोटं मांडीवर वाजायला लागली. "चोवीस."

"बसतंय?"

"टाकीत आहे त्यात जेमतेम बसतंय, वर कॅन आहेत. पण दोघं एका गाडीवर म्हणजे मला टाकीसुद्धा काठोकाठ हवी. इथवर दोन लिटर गेलंय."

"मग माझ्यातलं काढ. नाहीतर थांब, मीच काढते."

तिनं आपल्या गाडीची पेट्रोलची नळी ओढून काढली, खाली रखवालदाराची बादली धरली आणि कॉक उघडला. उजव्या हातानं. वॉर्डात नळ्या लावताना तिचा चेहरा असाच होत असणार. बादली भरताना ती इकडेतिकडे बघत नव्हती, बोलतही नव्हती. त्यानं फडक्यातून गाळून पेट्रोल आपल्या टाकीत ओतलं, आणि या वेळी काठाला किती आलं ते त्यानं पाहिलं नाही. डोळ्यांपुढे काही नीट दिसत नव्हतं. "आलं, आलं, थांब," असं ताईलाच सांगावं लागलं.

सगळं सामान एका गाडीवर बांधून झालं. मागच्या माणसाचे पाय ठेवायच्या दांड्या गाडी घेतल्यापासून कोणी उघडल्याच नव्हत्या. त्यानं टाचेनं दोन-चार लाथा घालून त्या खाली पाडल्या. ताई त्याच्या खांद्याला धरून मागे बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मागे बसायची मला सवय नाही," ती म्हणाली. "चुकलास तर बोलणार मी."

"बोल."

रखवालदार तिच्या गाडीला सावलीत लोटून परत आला. "बाई, गाडीला मी ताडपत्री घालून ठेवतो," तो म्हणाला. "न्यायला कधी याल तुम्ही?"

ताईनं मान वळवून गाडीकडे एकदा पाहिलं. मग आपल्या खिशातली किल्ली काढली आणि पुढे हात घालून भावाच्या जाकिटाच्या खिशात टाकली.

"हा येईल," ती म्हणाली.