डोळ्याजवळचं चाक

"हलू नकोस, चिमणे. बसलाय बघ बगळा," असं कुजबुजत बाबांनी ओल्या गवतात गुडघा टेकला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

लेक जागच्या जागी थांबली. तळ्याच्या पलीकडच्या काठावर, ते रोखून बघत होते तिथे, चिखलात रोवलेला एक खुंट होता. त्याला पांढरी पिशवी अडकली होती आणि वाऱ्यानं तिचं एक टोक मानेसारखं वर व्हायचं. बाबा चेष्टा करतायत असं वाटून ती हसायच्या बेतात होती. पण त्यांनी खरोखर श्वास रोखून धरला होता. एकामागून एक फोटो निघाले.

"काय ध्यान लावलंय पठ्ठ्यानं," ते म्हणाले. "तुझ्या आईला दाखवायला पाहिजे. ती पाच मिनिटं गप्प बसेल तर शपथ."

"तुम्ही तरी कुठं बसता," ती म्हणाली. खुंटाचा विषय तिनं काढला नाही.

उन्हाळा सरत आला होता. काठच्या झाडांचे शेंडे पिवळ्या फुलोऱ्यानं भरले होते, खालची पानं मात्र अजून हिरवा रंग धरून होती. देवानं रंग कालवायला घेतले की आपण घरात बसू नये, असं बाबांचं म्हणणं. सोमवारी शाळा उघडायची होती आणि त्यांची बस पुन्हा रस्त्यावर येणार होती. लेक स्वतः शाळेत जायला लागली त्याच्याही आधीपासून ते शाळेची बस चालवत होते. ती सगळा उन्हाळा कामासाठी बाहेरगावी होती, म्हणून आज येताना त्यांनी साठवलेले सगळे किस्से तिला ऐकवले. "आता तर मला आरशात बघावंसुद्धा लागत नाही," असंही ते फुशारकीनं म्हणाले होते. "कोण चढलं ते नुसत्या आवाजावरून सांगतो." तेवढ्यात गाडीचं एक चाक कडेच्या खडीत उतरलं होतं. गप्पांच्या नादात, असं तिला वाटलं होतं.

"घे," उठताना कमरेला हात लावत ते म्हणाले. "शेवटचा तुझा."

हे तिच्या लहानपणापासूनचं होतं. कुठंही गेले तरी शेवटचा फोटो लेकीनं काढायचा.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसता पिवळा-हिरवा गाळ. तिनं काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, तरी तेच. मग तिला डोळ्याजवळचं छोटं चाक आठवलं. ज्याची जशी नजर तसं ते फिरवायचं. फोटो कॅमेरा आपला आपण स्वच्छ काढतो, हे चाक फक्त बघणाऱ्यासाठी. ते एका बाजूला टोकाला जाऊन अडकलेलं होतं. तिला ते उलटं फिरवत आणावं लागलं, बरंच, तेव्हा कुठे पानापासून पान वेगळं झालं.

आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, लव्हाळ्यात, राखी रंगाचा बगळा उभा दिसला. तिनं एकच फोटो काढला.

कॅमेरा परत घेऊन बाबांनी सवयीनं डोळ्याला लावला, आणि थबकले. मग न बघता त्यांचं बोट चाकावर गेलं. त्यांनी ते फिरवलं, अडेपर्यंत.

"डॉक्टरांकडे गेला होतात?" तिनं विचारलं.

ते झाकण लावत राहिले. दोनदा झाकण भिंगाच्या कडेवरून घसरलं.

"गेलो होतो. चष्म्यानं भागण्यातलं नाही म्हणाले."

"आईला माहीत आहे?"

"तिला कशाला उगाच घोर." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "रस्ता पाठ आहे माझा. खड्डा न् खड्डा."

गाडीपाशी आल्यावर तिनं हात पुढे केला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या तळव्यावर ठेवला आणि पलीकडच्या दाराकडे गेले, गाडीच्या अंगावरून हात फिरवत.

गावात शिरल्यावर तिनं ब्रेक लावला.

"थांबलीस का?"

"पोरं रस्ता ओलांडतायत."

बाबा पुढे झुकले. काचा वर होत्या. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. ते बराच वेळ समोर बघत राहिले.

"किती आहेत?"

"दोघं. थोरलीनं धाकट्याचा हात धरलाय."

"गेली?"

"गेली."

तिनं गाडी हलवली. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "जरा कडेला घे. बंद कर."

तिनं बंद केली. त्यांनी हात लांबवून चाचपडत जुडगा काढून घेतला आणि मांडीवर ठेवून एकेक किल्ली बोटांनी पारखली. घराची, माळ्याची, ह्या गाडीची. एका जाड डोक्याच्या किल्लीवर त्यांचा अंगठा थांबला.

"ही बसची," ते म्हणाले. "कडीतून काढ बरं. माझी नखं कालच कापलीत."

त्यांची नखं चांगली वाढलेली होती. तिनं जुडगा हातात घेतला.