एका मांडवात दोघींची लग्नं

सायलीचं लग्न ठरलं तेव्हा वच्छलाबाईंना वाटलं, अवघड होतं ते उरकलं. मुलगा कन्नड गावचा, सार्थक त्याचं नाव, साखर कारखान्यात नोकरीला. माणसं सरळ. देण्याघेण्याचा शब्द त्यांनी काढला नाही. एवढंच म्हणाले, की लग्न तुमच्याकडं करा आणि वैशाखात करा, कारण गाळप संपल्याशिवाय पोराला सुट्टी मिळत नाही.

तुमच्याकडं म्हणजे कुठं? मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं दोन खोल्या. एकीत संसार आणि दुसरीत वच्छलाबाईंचं शिलाई मशीन. लग्नसराईत गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यामुलींचे ब्लाऊज त्या मशीनवर शिवले जात. नवऱ्याचं, सांडूभाऊंचं, गाव होतं पैठणच्या बाजूला, पण तिथं वैशाखात प्यायचं पाणी टँकरनं येतं; वऱ्हाडाला आंघोळीला काय द्यायचं? तेव्हा शहरातच जागा बघायची ठरली. सांडूभाऊंची चिकलठाण्याच्या कंपनीत पाळी असायची, म्हणून मायलेकीच निघाल्या.

बीड बायपासच्या एका लॉनवर कारंजं होतं, रंगीत दिव्यांचा पूल होता आणि सूट घातलेला एक मॅनेजर होता. त्यानं सायलीला पुलावर उभं करून फोटो काढून दाखवला. भाडं ऐकून वच्छलाबाई म्हणाल्या, "छान हाय," आणि पदर सावरून बाहेर पडल्या. दुसऱ्या ठिकाणी भाडं बेताचं निघालं, पण जेवण त्यांच्याच केटररचं, फुलं त्यांचीच, बँडसुद्धा त्यांचाच. सिडकोतला हॉल दिवाळीतच भरलेला. एका देवळाचं सभागृह स्वस्त होतं, पण त्यात कन्नडचे नुसते चुलतेच मावले असते.

रिक्षाची वाट बघताना सायली म्हणाली, "आई, आपण कोर्टात सह्या करू ना. मला खरंच काही वाटायचं नाही."

"तुला नाय वाटायचं. तुझ्या बापाला वाटंल," वच्छलाबाई म्हणाल्या. स्वतःला काय वाटेल, ते त्या बोलल्या नाहीत.

गुलमंडीच्या आतल्या गल्लीत एक जुनं मंगल कार्यालय आहे, असं अस्तराचं कापड घेताना दुकानदारानं सांगितलं. कुणाचं तरी लग्न पुढं गेल्यानं नेमकी हवी ती तारीख तिथं रिकामी झाली होती. कापडाची पिशवी घेऊन त्या तशाच तिकडं गेल्या. शहाबादी फरशीचं अंगण, मधोमध कडुनिंब, आत ऐसपैस हॉल. भिंतींचा रंग उडाला होता, पण वारा खेळत होता. वच्छलाबाईंना ती जागा बघताक्षणी आवडली.

मॅनेजरच्या टेबलासमोर आधीच एक बाई बसल्या होत्या. चष्मा, साधी सुती साडी, बोलणं हळू. "माझ्या स्वरालीचं लग्न सकाळचं आहे हो. दोनपर्यंत आम्ही हॉल रिकामा करतो. अर्ध्या दिवसाचं भाडं घ्या ना."

"दमयंतीताई, अर्धा दिवस असं काही नसतं," मॅनेजर कंटाळून म्हणाला. "दुपारनंतर हॉल घ्यायला माझ्याकडं कोण येणार? पूर्ण दिवस घ्यायचा तर घ्या. नाही तर मागं या बाई थांबल्यात."

दमयंतीताईंनी मागं वळून बघितलं आणि नजर खाली घेतली. आता त्या उठणार, खुर्ची रिकामी होणार. वच्छलाबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण पूर्ण दिवसाचं भाडं त्यांना तरी कुठं झेपत होतं? आणि त्या बाईची नजर जशी खाली गेली, तशीच बायपासच्या लॉनवर आपलीही गेली होती.

त्या पुढं झाल्या. "भाऊ, आमचा मुहूर्त गोरज हाय. आम्हाला सकाळ नकोच. सकाळ यांना द्या, संध्याकाळ आम्हाला. भाडं दोघी मिळून देतो."

मॅनेजरनं नाही म्हणायला खूप कारणं काढली. झाडलोट कोण करणार, भांडी कुणाची कुणात जाणार, दोन्हीकडचे पाहुणे भांडले तर? दमयंतीताईंनी खुर्ची बाजूला सरकवून वच्छलाबाईंना जवळ बसवलं आणि दोघींनी एकेका कारणाला उत्तर दिलं. मांडव एकच घालू, फुलं एकदाच लावू, झाडायला आमच्या बायका येतील. शेवटी तो हसला. "भांडण झालं तर मला बोलवायचं नाही," एवढं बजावून त्यानं पावती फाडली. तिच्यावर दोघींची नावं होती.

सांडूभाऊ मात्र उखडले. "दुसऱ्याच्या उष्ट्या मांडवात माझी पोरगी उभी राहणार? भावकी काय म्हणंल?"

"मांडव कधी उष्टा व्हतो का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुम्ही एकदा त्यांच्या घरी जाऊन या. मग नाय म्हणला तर मी पावती परत देते."

रविवारी सांडूभाऊ तोंड पाडूनच समर्थनगरला दमयंतीताईंकडं गेले. ते बरेच उशिरा परतले. चप्पल काढून पाणी प्यायले आणि खाली बसले.

"त्यांचे मालक, श्रीरंगराव, बँकेत होते," ते सांगू लागले. "दोन वर्सं झाली, डावी बाजू गेली. सगळं दवाखान्यात गेलं. बोलायला लई वेळ लागतो त्यांना, पण बोलतात. मला म्हणले, सांडूराव, माझ्या पोरीचा मांडव तुमच्या पोरीला लाभू द्या." मग म्हणाले, "फुलं जरा जास्त लावू. सकाळच्या लग्नालाबी दिसतील."

कन्नडला फोन वच्छलाबाईंनीच केला. विहीणबाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "अहो, हॉलवर पाटी कुणाचीबी असू द्या. नवरी आमचीच हाय ना?" नवऱ्यामुलाचे थोरले चुलते धोंडिबा तेवढे मागून काहीतरी कुरकुरताना ऐकू आले.

लग्नाच्या दिवशी वच्छलाबाई सकाळीच कार्यालयात पोचल्या, सायलीला घेऊनच. स्वरालीचं लग्न लागत होतं. नऊवारीतली ती पोर दिव्यासारखी दिसत होती. सायलीनं स्वतःहून तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. पण वच्छलाबाईंचं लक्ष हॉलकडं गेलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, अर्ध्याहून जास्त.

"श्रीरंगांच्या घरचं कुणी आलं नाही," अक्षता पडल्यावर दमयंतीताई स्वयंपाकघराच्या दाराशी हळूच म्हणाल्या. "आजारपणात मदत मागावी लागली होती. तेव्हापासून लोक जरा लांबच असतात. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा करून बसलेय." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. आत पानांची रांग मांडली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात मोजकी माणसं जेवत होती. व्हीलचेअरवरचे श्रीरंगराव त्या मोकळ्या पानांकडं बघत होते.

तेवढ्यात गल्लीतून गाड्यांचे हॉर्न आले. सांडूभाऊ धावत आत आले. "अगं, कन्नडचे आले! ऊन चढायच्या आत पोचू म्हणून पहाटंच निघाले म्हणं. सगळं वऱ्हाड बाहेर उभं हाय."

आपला आचारी चुलीला हात लावणार तो दुपारनंतर. खोल्यांत स्वरालीकडची मंडळी. व्याह्यांना उन्हात उपाशी उभं ठेवायचं? आणि धोंडिबा तर अशाच संधीची वाट बघत असणार.

दमयंतीताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "वच्छलाबाई, बघताय काय? पानं मांडलेली आहेत. बसवा सगळ्यांना."

"अहो, पण तुमच्या लग्नाचं जेवण..."

"हो, माझ्याच लग्नाचं. म्हणून तर म्हणते, बसवा."

वच्छलाबाई बाहेर गेल्या आणि धोंडिबांसमोर उभ्या राहिल्या. "दाजी, आत एक लग्न लागलंय. पोरीच्या बापाची पंगत रिकामी हाय. तुम्ही जेवलात तर त्यांना बरं वाटंल." त्यांनी काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही.

धोंडिबांनी कडुनिंबाखालून हॉलच्या दारातून आत बघितलं. मग फेटा सारखा केला. "मग उभे काय राहिलात रे? हात धुवा," ते आपल्या माणसांवर ओरडले.

बघता बघता पंगत भरली. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. कन्नडच्या पोरांनी तर वाढायची भांडी हातात घेतली. धोंडिबांनी तीनदा मठ्ठा मागितला आणि प्रत्येक वेळी वाढणाऱ्याला नाव विचारलं. जेवण झाल्यावर ते श्रीरंगरावांपाशी गेले, वाकून त्यांचा उजवा हात हातात घेतला. "पाव्हणं, लई ग्वाड जेवण केलंत. संध्याकाळी आमच्या पंगतीला बसल्याबिगर जायचं नाय." श्रीरंगरावांना उत्तर द्यायला बराच वेळ लागला. धोंडिबा हात न सोडता थांबले.

"येणार," श्रीरंगराव म्हणाले.

दुपारी स्वराली सासरी निघाली. दमयंतीताई दारात थिजल्यासारख्या उभ्या होत्या. वच्छलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं त्यांचा बांध फुटला.

संध्याकाळी सायलीच्या डोक्यावर अक्षता पडायला लागल्या. भटजींनी मंगलाष्टकं थोडी आवरती घेतली, तसा माईक दमयंतीताईंनी मागून घेतला. सायलीसाठी त्यांनी दुपारीच चार ओळी रचल्या होत्या. त्यांत वच्छलाबाईंच्या मशीनचा आवाज होता, मुकुंदवाडीची गाडी होती, कन्नडचा ऊस होता. आवाज थोडा कापला, पण सूर सुटला नाही. सांडूभाऊंनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. पाहिलं होतं सगळ्यांनीच.

मग सायली सार्थकबरोबर गाडीत बसली. काच खाली करून ती हात हलवत राहिली आणि गाडी गुलमंडीच्या गर्दीत शिरली. वच्छलाबाई अंगणातल्या फरशीवर मटकन बसल्या. दमयंतीताई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"रडून घ्या," त्या म्हणाल्या. "मग आपण दोघी जेवू. मी सकाळपासून धड काही खाल्लेलं नाही."

"मीबी नाय," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि रडता रडताच त्यांना हसू आलं. आतून आचारी विचारत होता, पुऱ्या गरम तळू का.